फुलंब्रीचा थांबा

बहिणीला आणि तिच्या दोन मुलींना मे महिन्यात जळगावहून आमच्या मुकुंदवाडीच्या घरी मी दरसाल एसटीनं आणायचो. वडील गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र मी भाड्यानं जीप केली. मुलींना वाटलं, मामाची ऐट. बहिणीला वाटलं, वडिलांच्या माघारी दादा जबाबदार झाला. खरं कारण एवढंच, की एसटी मला हवी तिथं, हवी तेवढी थांबली नसती.

मला फुलंब्रीला थांबायचं होतं. वडिलांची जमीन त्या तालुक्यातली. तिथल्या रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडपत्र तयार होतं, म्हणजे बहिणीनं आपला हिस्सा मला सोडून दिल्याचा कागद. तिची सही तेवढी बाकी होती. आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आईला तर मुळीच नाही. वडिलांच्या तेराव्यालाच ती म्हणाली होती, "तिच्या वाट्याचं तिला दे रं. दोन पोरी हायेत तिला." मी मान हलवली होती. आता घरी पोचल्यावर मायलेकी बोलत बसल्या की संपलं. म्हणून वाटेतच उरकायचं. कागद लिहिणाऱ्यानं बजावलं होतं, "जेवणाच्या सुट्टीआधी या. नंतर साहेब सापडत नाहीत."

जळगाव सोडायलाच उशीर झाला. लोणच्याची बरणी राहिली म्हणून बहीण परत घरात गेली, आणि तेव्हापासून मी घड्याळ बघतोय. अजिंठ्याच्या घाटात धाकटीला ढवळायला लागलं.

"डोळे मिटून बस," मी म्हणालो.

"अरे, थांबव ना जरा! माणसं हायेत का पोती?" बहीण ओरडली.

थांबलो. ती पोरीचं तोंड धूत होती आणि मी ड्रायव्हरला सांगत होतो, गाडी बंद करू नको. घाट चढून वर आलो तर थोरलीला रसवंती दिसली. म्हटलं, सिल्लोडला पिऊ. सिल्लोडला बाजाराच्या गर्दीत जीप अडकली, तेव्हा म्हटलं, फुलंब्रीला.

"मामा, तुमची रसवंती पुढं पुढं पळती का हो?" थोरली म्हणाली. ड्रायव्हरसुद्धा हसला.

बहीण माझी बाजू घेत म्हणाली, "गप गं. तिकडं आजीचा जीव टांगणीला लागला असंल, म्हणून पळवतोय बिचारा."

हे ऐकून तरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. ती नाही म्हणाली असती तर मी भांडलो असतो, त्याची तयारी होती. पण ती 'आईला विचारते' म्हणाली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, "जरा दामट."

फुलंब्रीत पोचलो तेव्हा सुट्टीला वीसेक मिनिटं होती. "पाच मिनिटांचं काम आहे," मी बहिणीला सांगितलं. "वारसनोंदीची तुझी एक सही राहिलीय." ती धाकटीला कडेवर घेऊन उतरली. थोरलीला 'उन्हात जाऊ नको' म्हणून दटावत दटावत, मी बोट ठेवीन तिथं सह्या करत गेली. वाचलं काहीच नाही. दादानं आणलेला कागद कशाला वाचायचा?

मग साहेबांनी मान वर केली. "बाई, वडिलांच्या जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडताय. राजीखुशीनं ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

हा प्रश्न विचारतात, हे मला ठाऊक होतं. साहेब लोक तो पुटपुटतात आणि समोरचा 'हो' म्हणतो, एवढंच मी धरून चाललो होतो. या साहेबांनी तो स्वच्छ विचारला. बहीण माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो.

"व्हय," ती म्हणाली. "राजीखुशीनं."

बाहेर आल्यावर तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, रसवंतीवर लावा गाडी." आणि मला म्हणाली, "आता घाई नाय ना तुला?"

तासभर तिथं बसलो. याच्या पलीकडं ती मला आजतागायत त्या विषयावर एक शब्द बोललेली नाही.

चार दिवसांनी मी आईला सांगून टाकलं, की तिनं आपणहून हिस्सा सोडला. आत बहीण भाकरी थापत होती. थापणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. महिनाभर राहायला आलेली ती, दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन निघाली. पुढच्या उन्हाळ्यात मी फोन केला तर म्हणाली, पोरींचे क्लास आहेत. त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात क्लास. ती स्वतः यायची, एकटी, दिवाळीला सकाळी येऊन संध्याकाळी परत.

आईनं आपल्या मनानं कारण शोधलं. "जावयाचंच काम हे. बायकोनं जमीन सोडली म्हणून पोरींना कोंडून ठेवलं मेल्यानं."

मी म्हणालो, "असंल."

त्या एका शब्दावर मी दहाएक वर्षं काढली. एका लग्नात दाजी आईच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. भल्या माणसाला काही कळेना. ते जाऊन पुरुषांच्या घोळक्यात बसले, आणि त्यांना पाणी नेऊन दिलं कोणी, तर मी.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे. गेल्या मे महिन्यात शेजारच्या घरी पुण्याची नातवंडं आली, गाडीतून बॅगा उतरत होत्या आणि आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "मी मेल्यावर तरी सोडंल का तो पोरींना?"

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. जीप, फुलंब्री, कागद, साहेबांचा प्रश्न. 'असंल' म्हणालो तेही. मला वाटत होतं, शिव्या देईल. निदान रडेल.

"फोन लाव," ती म्हणाली. "जावयाला."

"काय बोलणार तू?"

"तुला काय करायचंय? लाव."

लावला. "जावईबापू, मी बोलते. लई वाईटसाईट बोलले तुमच्याविषयी. सगळ्यांपुढं पाय ओढून घेतले. माफी करा म्हातारीला." तिकडून दाजी 'अहो आई, असं काय बोलताय' म्हणत राहिले. आई म्हणाली, "तिला सांगा, आईला कळलं."

मग तिकडून बहिणीचा आवाज आला. आईनं फोन कानाशी घट्ट धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बाहेर जा."

मी उठलो, बाहेर आलो, दार ओढून घेतलं. आतून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.