आत्याची जागा

माझ्या नांदूरघाटच्या आत्याइतकं संतापण्याचं बळ सबंध बीड जिल्ह्यात कुणाच्या अंगात नसेल. दुष्काळावर ती चिडायची, उशिरा येणाऱ्या टँकरवर चिडायची, आणि दूध संस्थेच्या बैठकीत चहा आधी पुरुषांपुढे गेला म्हणून एकदा कपबशीवरही चिडली होती. कर्करोगाच्या गाठीमुळे डावा स्तन काढावा लागला, तेव्हा ती रोगावरच अशी भडकली की डॉक्टर गांगरले. त्याच शस्त्रक्रियेत त्यांनी आत कृत्रिम स्तन बसवला. घरी आल्यावर मात्र तिच्या रागाला खरा चारा मिळाला. दीड महिना घागर उचलायची नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही, छातीला घट्ट पट्टा. टँकर आला की ती ओट्यावरूनच रांगेला शिस्त लावी, आणि रांगेतली कुणीतरी हळूच विचारीच, "वाकल्यावर घसरत न्हाई का वो ते?"

"कावून घसरंल? छातीच्या स्नायूखाली डॉक्टरनं मापाचा खिसा केलाय. आन् आपलं अंगच त्याच्याभवती पडदा धरतंय. तो धरूस्तर हा पट्टा."

संस्थेचे चेअरमन तर भर बैठकीत म्हणाले, "वहिनी, तुमी आता घरी आराम करा. धक्क्यानं काही हललं-बिललं तर?" आत्याही संचालकच. ती उठली आणि बाकीच्या सगळ्या संचालकांना खिशापासून पडद्यापर्यंत सारं सविस्तर समजावलं. "ते हलायचं न्हाई, आन् मी बी या खुर्चीवरनं हलायची न्हाई." तोवर चेअरमन दुधाच्या कॅनकडे बघत बसले होते.

गावभर बोभाटा झाला. मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण चारच दिवसांनी ऊसतोडीला निघालेली शेजारची बाई दारात आली. छातीतली गाठ तिनं कित्येक महिने लपवली होती. आत्या आधी तिच्यावरच उखडली, मग मुकादमाला 'हिची वाट बघू नका' असा निरोप धाडून तिला घेऊन एसटीत बसली. उपचार वेळेत झाले, बाई वाचली.

परवा दुपारी गेले, तर नात आत्याच्या कुशीत झोपली होती. आत्यानं तिचं डोकं अलगद डावीकडून उजवीकडे घेतलं.

"दुखतं का गं अजून?" मी विचारलं.

"न्हाई पोरी. जागेवर हाय, लई चांगलं बसलंय. पण त्या बाजूला लेकरू निजलं, तर मला कळत न्हाई."