गांडुळांनी घर सोडलं

आमच्या घरात कचऱ्यावरून मतभेद आहेत.

माझी बायको सुमन म्हसावदची. तिचं म्हणणं, परसात खड्डा खणावा, भाजीची सालं, पालापाचोळा, थोडं शेण टाकावं, वर माती लोटावी आणि विसरून जावं. मी नंदुरबारला पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. विसरून जाण्यात कसलं आलंय विज्ञान! निवृत्त झाल्यावर मी आधी भोकं पाडलेला ड्रम आणला. त्यात उरलेली आमटी ओतली (आमटी हाही ओला कचराच, असा माझा तर्क), तेव्हा असा वास सुटला की दूधवाला गल्लीच्या तोंडाशीच पातेलं मागू लागला. मग मी गांडुळांवर आलो.

विटांचा वाफा बांधला, वर ओलं गोणपाट घातलं. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं खत! गल्लीत सगळ्यांना दाखवलं. सुमनला दोनदा. गांडुळं काहीही खातात, असंही सांगत सुटलो.

त्याच जोरावर मिरची वाळवतात त्या पथारीवरून लाल मिरचीच्या देठांचं पोतं आणलं. सुमन म्हणाली, आधी मूठभर टाकून बघा. मी पोतं रिकामं केलं, पाणी शिंपडलं आणि दिवसभर शिंकत राहिलो. शिंकांवरून काही ताडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कांताभाभींची हाक आली. त्यांचं किराणा दुकान; घर जैन, मुंगीलाही वळसा घालून जाणारं. भाभी मंदिरात निघालेल्या, हातात तांदळाची डबी, आणि उंबऱ्यातच अडकलेल्या. ओट्यावर, पायऱ्यांवर, अंगणभर माझी गांडुळं पसरली होती. कुंपणाखालून सगळं गाव उठून आलं होतं.

"सर, पाय कुठे ठेवू?" भाभींनी शांतपणे विचारलं. "झाडू नका लावू हं. मरतील."

थोड्या वेळात तिथे ऊन येणार होतं. उन्हात ती वाळली असती तर भाभींना तोंड दाखवायची सोय नव्हती. मी गुडघ्यांवर बसून एकेक गांडूळ चमच्यानं (सुमनच्या नव्या संचातल्या) ओल्या पोत्यात घालू लागलो. भाभी उंबऱ्यातून सांगत होत्या, तुळशीमागे दोन आहेत, नळाजवळ एक. सुमन आली, तिनं चमचा ओळखला, पण पदर खोचून शेजारी बसली.

"मिरचीना ढिगमा तुम्ही तरी बठशात का?" मिरचीच्या ढिगात बसाल का, एवढंच तिनं आपल्या अहिराणीत विचारलं.

उन्हाच्या आधी अंगण मोकळं झालं. भाभी मंदिरात गेल्या. गांडुळं वाफ्यात परत टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून सुमननं आपल्या खड्ड्यावरची माती सारली. गांडुळं अशी आत शिरली, की मला फार लागलं.

आता गल्लीतल्या बायका तो खड्डा बघायला येतात. मी घसा साफ करून ओट्यावर तयारच असतो. त्या नमस्कार करून सरळ मागे सुमनकडे जातात. परवा मात्र एक माझ्यापाशी थांबली. मी चष्मा चढवला.

तिनं विचारलं, खड्डा खणायला कोणी माणूस मिळेल का?

मागून सुमननं होकार भरला, "शे ना."

उद्या सकाळी सातला मला बोलावलंय.