बाबांच्या हातची उभी फुलं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगते. आम्ही बौद्ध. आमच्यात आत्मा मानत नाहीत, श्राद्ध नाही, कावळ्याला घास नाही. वडील गेले तेव्हा वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं... आणि संपलं. निदान मी तसं समजत होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला भावाचं वन रूम किचन, तिसरा मजला. बाबा त्याच्याकडेच राहायचे. एकाहत्तरच्या लढाईतून ते परत आले ते उजव्या हाताची दोन बोटं बर्फात गमावून. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. तेव्हा मी शाळेत होते, आई पहाटेच कामावर जायची, म्हणून माझ्या वेण्या बाबाच घालायचे. बोटं कमी, मग रिबिनीचं एक टोक दातात धरून गाठ मारायचे. त्यामुळे फूल आडवं न बसता उभं राहायचं – वरची पाकळी मोठी, खालची लहान – आणि दातातलं टोक ओलं. वर्गातल्या मुली हसायच्या. मी मात्र तोऱ्यात असायचे. त्यांच्या वडिलांना येत होतं का वेण्या घालायला?

लग्न होऊन मी मीरा रोडला गेले. भावाला सोनल झाली आणि बाबांनी माझी जागा तिला देऊन टाकली. रोज सकाळी तिच्या वेण्या, मग बोट धरून शाळेपर्यंत. मी माहेरी गेले की म्हणायचे, "बस गं जरा, सोनलचं आवरू दे." त्या एवढ्याशा पोरीचा मला राग यायचा. उगाच कशाला लपवू?

बाबा गेल्यावर सोनलची शाळा पुन्हा सुरू झाली. एका रविवारी वहिनी हळूच म्हणाली, "ताई, हसू नका हं. मी हिची फुलं आडवी बांधते. शाळेतून येते तेव्हा उभी असतात."

"पोरगी स्वतःच बांधत असेल."

"तिला अजून बुटाची लेस बांधता येत नाही, ताई."

मला भीती नाही वाटली. वाटला तो निव्वळ मत्सर. समजा, बाबा येतच असतील... तर हिच्याकडे?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि सोनलच्या वेण्या स्वतः घातल्या. फुलं आडवी, वर डबल गाठ. तिला पुढे चालवलं, मी मागे. त्या दोन लाल फुलांवरून नजर हलवली नाही. गिरणीपर्यंत आडवीच होती. शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून गुजराती शेठने हाक मारली, "अरे बेन, आज आप छोडने आयी?" मी त्याच्याकडे बघितलं, तेवढंच. तो सोनलकडे बघून हसला. "चोटी तो दादाजीवाली बनायी है."

मी वळले. दोन्ही फुलं उभी होती. वरची पाकळी मोठी. मी रिबिनीचं टोक चिमटीत धरलं... ओलं होतं.

"सोनू, हे कोणी बांधलं?"

"आजोबांनी."

"कधी?"

"आत्ता. डोकं दुखतंय का विचारलं."

मला दुसरं काही सुचलंच नाही. "आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काही म्हणाले?"

तिने जरा विचार केला. "नाही," म्हणाली आणि शाळेत पळाली.

मी गेटवर उभी राहून रडले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, वडील आठवले. आठवले होतेच, पण मी जळत होते.

तिथून तशीच भावाच्या घरी आले. तिशी ओलांडलेली बाई मी, दोन वेण्या घातल्या, सोनलच्या जुन्या रिबिनी बांधल्या आणि बाबा वेण्या घालायला बसायचे त्या गॅलरीतल्या स्टुलाकडे पाठ करून बसले. वहिनीने बघितलं. चहा ठेवून गेली. दुपार झाली, चहावर साय आली, माझी फुलं आडवीच राहिली.

पुढच्या वर्षी सोनलचा बॉबकट केला आणि ते सगळं थांबलं. आज तिला यातलं काही आठवत नाही. डबल गाठीची फुलं भररस्त्यात उभी कशी झाली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आत्मा मी आजही मानत नाही.

माझ्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींनी केस केव्हाच कापून टाकले. माझी वेणी अजून कमरेपर्यंत आहे. कोणी विचारलं तर सांगते, सवय झालीय.