वैनगंगेपलीकडे चष्म्याची पेटी

चामोर्शीच्या फेरीचा खरा खर्च सांगतो. भाडं फार नाही. पण दोन दिवस माझं चष्म्याचं दुकान बंद, आणि चपलेचा एक अंगठा वैनगंगेच्या वाळूत गेला. नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीने मूल, तिथून मोटारीने नदीकाठ, पुढे नदी ओलांडायला डोंगा. भात-मासोळी पोटभर मिळते; पोळी मागू नका.

डोंग्यात मी फुशारकी मारली, "माणूस येताना पाहिला की त्याला कोणता चष्मा लागेल ते सांगतो."

नावाडी म्हणाला, "मंग मले कोणता?"

"तुला कशाला? तू काय पोथी वाचतोस?" सगळे हसले, तोही हसला.

आठवडी बाजारात चिंचेखाली पेटी उघडली. माझा पहिला प्रश्न ठरलेला: "वाचता येतं का?" 'नाही' म्हटलं की फक्त लांबचं तपासायचं. मासे धरणारा सुकरूभाऊ ढिवर 'नाही' म्हणाला, आणि त्याने पल्याडच्या झाडावरचा बगळासुद्धा सांगितला.

"डोळे उत्तम. जा भाऊ."

तो हलेना. त्याच्या बायकोने खांद्यावरचं अर्धवट जाळं माझ्यापुढे टाकलं. "डोळे उत्तम, तं गाठी अशा काऊन? तीन दिस झाले, विणून उसवून राह्यला हा. सोमवारी तलावात उतरतेत सारे. ज्याचं जाळं त्याले मासोळीचा वाटा. आमी का काठावर बसाचं?"

"पण बाई, जवळचा चष्मा वाचायला..."

"वाचाले कोन मांगते? गाठ दिसाले पायजे!"

मी जवळचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला. सुकरूभाऊने सुतळी घेतली, एक गाठ मारली, दुसरी मारली. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"अवं, तू तं म्हातारी झाली!"

"काढ थो चष्मा!"

बाजार हसला. मी मात्र सकाळपासून परत पाठवलेले चेहरे आठवत होतो. सुपं विणणारी बाई, टोपल्यांचा बुरूड. उठलो, बाजारभर फिरून जे सापडले त्यांना बोलावून आणलं, आणि प्रश्न बदलला: "हातांनी काय काम करता?" पेटीतले जवळचे चष्मे दुपारीच संपले. त्या बाजाराला जाल तर मंगळवार-बुधवार असं ऐकीव धरू नका, मूलला विचारून निघा.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातल्या उजेडात सूप डोळ्यांपासून हातभर लांब धरून तांदळातले खडे चाचपत होती. तिला अक्षरओळख नाही. चष्म्याचं दुकान काढून मला बारा वर्षं झाली होती. तिचे डोळे मी एकदाही तपासले नव्हते.