सुमनताईचा सोडियम सेल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या माझ्या वर्कशॉपात एका ट्रॉलरचं इंजिन उघडून बसलो होतो, तेव्हा मेघनाचा फोन आला. मेघना ही ताईची संशोधक विद्यार्थिनी. ‘‘काका, मॅडम गेल्या...’’ एवढंच ती बोलू शकली. त्याला आज दीड महिना झाला.

सुमनताई माझी थोरली बहीण. रत्नागिरीतच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ सोडियमच्या बॅटरीला द्यायची. लिथियम बाहेरून आणावं लागतं, सोडियम तर मिठातच आहे, हे तिचं साधं म्हणणं. ‘‘आपल्याकडं मीठ काय कमी हाय गो?’’ म्हणून आई तिची चेष्टा करायची. अडचण अशी, की चार्ज करताना सोडियम धातूवर सुईसारखे काटे उगवतात. ते सेलच्या दुसऱ्या टोकाला पोचले की आतल्या आत शॉर्ट होऊन सेल मरतो. सेलमधल्या द्रावणात योग्य द्रव्य थेंबभर मिसळलं, तर धातूवर पातळ पापुद्रा धरतो आणि काटे दबतात. ते द्रव्य कोणतं आणि किती, यातच तिची वर्षं गेली.

एकदा ते सापडलं. सेल महिनोन्महिने चालले, लेख छापायला गेला, कॉलेजात पेढे वाटून झाले... आणि ताईने पुन्हा सेल बनवले, तर ते आठवड्यात मेले. आधीचे टिकले होते ते द्रव्यामुळे नव्हे, द्रावणाची ती एक बाटली जास्त कोरडी होती, म्हणजे तिच्यात पाण्याचा अंश कमी होता म्हणून, हे तिनेच शोधून काढलं. लेख मागे घेतला आणि भर सभेत स्वतःची चूक सांगितली. मी चिडलो. ‘‘कोणाला कळलं असतं, ताई?’’

‘‘मला कळलंय ना,’’ ती म्हणाली. ‘‘इंजिन तपासल्याशिवाय तू बोट समुद्रात सोडतोस काय रे?’’

पुढची तीन वर्षं ती आणि मेघना द्रावण आधी पुरतं कोरडं करत, मग द्रव्याचं प्रमाण कमी कमी करत राहिल्या. शेवटी सेल टिकले. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेनेही तसेच बनवून पाहिले, तिथेही टिकले. तोवर ताई आजारी पडली होती. ही बातमी सांगितली तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर ती हसली, आणि पहिलं विचारलं ते, ‘‘त्यांनी किती सेल बनवले?’’

गेल्या आठवड्यात मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. मेघनाने चाचणीच्या यंत्राला लावलेला बटणाएवढा एक सेल दाखवला. खाली ताईच्या अक्षरातली चिठ्ठी. तिने स्वतःच्या हातांनी बंद केलेला हा शेवटचा सेल. पडद्यावरची त्याच्या व्होल्टेजची रेघ चार्ज होताना चढत होती, रिकामा होताना उतरत होती.

‘‘कधी काढणार हा?’’ मी विचारलं.

‘‘काढणार नाही, काका. आपणहून थांबेल तेव्हा नोंद करू.’’

मी स्टूल ओढून बसलो. रेघ पुन्हा चढायला लागली होती.