उजव्या हाताचं जेवण

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उपचार वेळेत मिळाले. बोलणं शाबूत राहिलं आणि पाय काही आठवड्यांत सुधारला. उजवा हात खांद्यातून हलत होता, पण बोटं नीट मिटत नव्हती.

आम्ही जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत राहतो. घरात आई, भाऊ, वहिनी आणि मी. आमच्याकडे डावा हात ताटाला लागत नाही. दवाखान्यातून आल्यावर आईनं डाव्या हातानं जेवायला नकार दिला, तेव्हा वहिनी तिला भरवू लागली. वहिनी बाहेर गेली की मी भरवत असे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी 'हात वापरत राहा' असं सांगितलं होतं. आम्ही त्याचा अर्थ रबरी चेंडूपुरता घेतला. आई सकाळ-संध्याकाळ चेंडू दाबायची, बाकी दिवसभर तो हात मांडीवर असायचा. पाण्याचा पेला, कंगवा, चपला, सगळं तिच्यापर्यंत पोचत होतं. भेटायला येणारे वहिनीचं कौतुक करत.

दिवाळीच्या तोंडावर जांब समर्थहून लग्नाचं बोलावणं आलं. आईच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न माघात होतं. आईनं येत नाही म्हणून सांगितलं.

"पंगतीत सुनंच्या हातानं खाऊ? चार माणसांत? बिलकुल न्हाई."

"मंग घरून जेवून निघू ना, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

"अन् लग्नघरी न जेवता तशीच उठू? बहीण बोलंल का माझ्याशी पुन्हा?"

जायचं तर स्वतःच्या हातानं जेवायचं, नाहीतर जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ही बहीण तिच्या पाठची, आणि दोघींत आता लग्नकार्यापुरतंच जाणं-येणं उरलं होतं.

दिवाळीला भावाची मुलगी घरी आली. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर काम करते. पहिल्याच जेवणाला तिनं वहिनीला आईच्या तोंडात घास घालताना पाहिलं.

"आई, थांब. आजीला भरवू नको."

मग तिनं कारण सांगितलं. मेंदूतल्या पेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि त्यांवर इतर पेशींशी हजारो जोडण्या असतात. जोडणी पक्की व्हायला प्रथिनं लागतात. ती बनवण्याची मूळ माहिती पेशीच्या केंद्रकात असते. त्या माहितीच्या नकला तिथून निघतात आणि फांद्यांमधून दूरवर नेल्या जातात. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात.

"इतक्या जोडण्यांतून नेमकी कोणती, हे नकलेला कसं कळतं?" मी विचारलं.

"जाफराबादहून काळी-पिवळी जीप निघते ना, काका? सगळ्या फाट्यांवरून जाते. थांबते कुठं? कुणी हात केला तिथं. ज्या जोडणीचं काम चालू असतं, तिथं नक्कल अडकते. प्रथिन तिथंच तयार होतं आणि तीच जोडणी पक्की होते. शेजारची गप्प असली तर गाडी पुढं."

"अन् माझा तर हातच उठंना," आई म्हणाली.

"उठतो गं, आजी. तुला उठवू कोण देतंय?"

वहिनीनं ताट खाली ठेवलं. "तू पुण्यात उंदरं सांभाळ. सासूला उपाशी ठेवलं म्हणून गल्ली मला बोलंल, तुला न्हाई."

पुतणीनं ते मान्य केलं. तिनं हे उंदरांच्या मेंदूतच पाहिलं होतं, त्यावरून आजीच्या हाताचं काय होईल हे सांगता येणार नव्हतं. डाव्या हाताची रीत मात्र मोडू नका, असं ती म्हणाली. त्या रीतीमुळे उजव्या हातालाच काम करावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी मी व्यायामाच्या बाईंना फोन केला. आम्ही आईला भरवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनीही भरवणं बंद करायला सांगितलं.

पहिल्या दिवशी आईनं भात कालवला, निम्मा ताटाबाहेर सांडला आणि ती उठून गेली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. संध्याकाळी आई पुन्हा ताटावर बसली.

"बघू नका कुणी. काय तमाशा लावलाय?"

आम्ही तिच्याकडे पाठ करून जेवू लागलो. पुढं जेवणाला वेळ लागत असे, वरण गार होत असे. वहिनी भात सैल करू लागली. हळूहळू घास तोंडापर्यंत जाऊ लागला. पोळी एका हातानं तुटत नव्हती. अंगठ्यात जोर येत नव्हता.

माघात आम्ही जांब समर्थला गेलो. मांडवात पंगत बसली. आईच्या एका बाजूला तिची बहीण होती, दुसऱ्या बाजूला वहिनी. वाढप्यानं वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी आणि बुंदी वाढली.

"भरवू का थोडं?" बहिणीनं विचारलं.

"तू तुझं जेव," आई म्हणाली.

तिनं उजव्या हातानं भात कालवला आणि खाल्ला. बुंदी बोटांतून निसटली, ती पुन्हा गोळा करून खाल्ली. पोळी तिला तोडता आली नाही. ती बहिणीनं तोडून तिच्या ताटात ठेवली.