डावीकडची हूल

माझ्या मुलीला पहिल्या लाइनमध्ये फॉरवर्ड म्हणून घेतलं, त्याच्या पुढच्याच रविवारी मी पेढे वाटले. ते चुकलं, असं मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

बर्फावरची हॉकी हा काही आमच्या घरातला खेळ नव्हे. आम्ही दोघं पुण्याचे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, रोज टोकियो स्टेशनजवळच्या ऑफिसात जाणारा. मी टोकियोच्याच कोतो भागातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. बर्फ आम्ही पाहिला तो फ्रीजमध्ये. मुलगी दुसरीत असताना शाळेच्या सहलीत रिंकवर गेली आणि घरी येऊन म्हणाली, मला ते काठीवालं करायचंय. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं वेड असेल. पण ते टिकलं. दिवसभर रिंक फिगर स्केटिंगवाल्यांकडे असते, म्हणून हॉकीच्या पोरांच्या वाट्याला पहाट येते. रविवारी सगळी इमारत झोपलेली असताना आम्ही तिच्याएवढीच तिची बॅग चाकांवर ओढत स्टेशन गाठायचो. घामेजलेले ग्लव्ह्ज बाल्कनीत वाळत टाकले की शेजारचे आजोबा खिडकी लावून घ्यायचे आणि लिफ्टमध्ये भेटले की फार अदबीनं झुकायचे. त्या झुकण्याचा अर्थ मला चांगला कळायचा. ग्लव्ह्ज मात्र तिथेच वाळायचे, कारण दुसरी बाल्कनी आम्हाला नव्हती.

या खेळात सगळे एकदम बर्फावर नसतात. तिघं फॉरवर्ड जीव तोडून मिनिटभर खेळतात, मग ते बाहेर येतात आणि पुढचे तिघं आत उडी मारतात. या तिघा-तिघांना लाइन म्हणतात. पहिली लाइन म्हणजे कोचचा भरवसा. सहावीत असताना, मुलांनी भरलेल्या त्या संघात, सगळ्यांत बुटक्या माझ्या पोरीला कोचनं पहिल्या लाइनमध्ये डावीकडची फॉरवर्ड केलं.

मग मी काय करायला हवं होतं? दूध पावडर आणली, कंडेन्स्ड मिल्क आणलं, भारतीय दुकानातली वेलची कुटली आणि पेढे वळले. रविवारी रिंकच्या कॉरिडॉरमध्ये गेले. तिथे पोरांच्या आया आळीपाळीनं पाण्याच्या बाटल्या भरायच्या ड्यूटीवर उभ्या असतात. माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, मुलीला पहिल्या लाइनमध्ये घेतलं, त्याचे पेढे आहेत. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतले. टिशू पेपरमध्ये गुंडाळले, पर्समध्ये ठेवले. खाल्ला कोणीच नाही. शेवटचा पेढा जिला दिला, ती सगळ्यांत खाली झुकली. माझ्या मुलीला जी जागा मिळाली, ती त्याच बाईच्या मुलाची गेली होती, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तिला दिलाच असता. आमच्याकडे पेढे वाटताना दार निवडत नाहीत. उलट ज्याला वगळाल तोच दुखावतो.

त्याच्या पुढच्या रविवारी मुलगी तिसऱ्या लाइनमध्ये होती.

कोच साठीचे, उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदोचे, स्वतः एकेकाळी खेळलेले आणि एरवी चार शब्दही न बोलणारे. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की आपला आनंद असा सगळ्यांसमोर मांडला की संघात फट पडते, आणि लवकर खूश झालेलं मूल वाढत नाही. मी मान डोलावली, कारण वाक्य समजायलाच मला वेळ लागत होता. मग खरं कारण आलं. एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष लागलं की पोरं माझ्याच मिडल स्कूलच्या संघात येतील. मुलं झपाट्यानं वाढतील, धक्के बसतील. तुमची मुलगी लहानखुरी आहे, इतरांपेक्षा उशिरा स्केटिंग शिकलेली आहे. सरावाला येऊ दे, पण सामन्यात जागा मिळेल असं मी सांगू शकत नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मुलींचा एक संघ आहे, विचार करा. फॉरवर्ड म्हणून तिची वाढ मला इथवरच दिसते.

वाढ इथवरच! जिच्या अजून सगळ्या दाढाही आलेल्या नव्हत्या तिच्याबद्दल हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी "धन्यवाद" म्हणाले, झुकले आणि बाटल्या भरायला गेले. जपानमध्ये राग आला की माणूस बाटल्या भरतो, एवढं मी शिकले होते.

घरी नवरा म्हणाला, "अगं, सॉरी म्हणून टाक ना. इथे सॉरी म्हणायला काय लागतं? मी ऑफिसमध्ये दिवसभर तेच करत असतो."

"तू म्हण. तुला त्याचा पगार मिळतो."

तो हसला, पण मुलगी हसली नाही. ती तेव्हा आमच्याशी मराठीत बोलायचीच बंद झाली होती. मी मराठीत विचारायचं, तिनं जपानीत तोडकं उत्तर द्यायचं. ट्रेनमध्ये एकदा खिडकीबाहेर बघत ती जपानीतच म्हणाली, "पेढे का दिलेस? कोणी मागितले होते?"

"मी खूश होते म्हणून."

"खूश घरात व्हायचं असतं."

हे मला लागलं. कोचचं बोलणं लागलं नव्हतं इतकं लागलं. बारा वर्षांची पोर, आणि आनंद कुठे ठेवायचा याचे नियम तिला पाठ.

ते नियम तिला कुठे मिळाले तेही मला ठाऊक होतं. प्रत्येक सामन्यानंतर इथे हान्सेइकाइ होते. पोरं अर्धवर्तुळात उभी राहतात आणि एकेकानं पुढे येऊन आज आपण कुठे कमी पडलो ते सांगायचं, शेवटी पुढच्या वेळी काळजी घेईन असं म्हणायचं. हरलं तरी हेच, जिंकलं तरी हेच. गोलांचा पाऊस पाडून आलेलं पोर मान खाली घालून सांगतं की माझा दुसरा पास उशिरा गेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या पोरांना कुशीत घ्यावंसं वाटलं होतं. पुण्यात शाळेत खो-खोची मॅच जिंकलो की आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो आणि बाईंकडून भेळ उकळायचो. आपण कुठे कमी पडलो ते सांगायला समोरची शाळा होतीच.

हो, मी खो-खो खेळायचे. शाळेत, मग कॉलेजातही. मीही बुटकीच होते आणि त्याचंच खायचे.

तिसऱ्या लाइनमधला तिचा खेळ मी काचेआडून बघत राहिले. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, तिच्याकडे आली की समोरून एखादा दांडगा मुलगा यायचा आणि ही सरळ त्याच्या अंगावर जायची किंवा घाईनं पास देऊन मोकळी व्हायची. तसंच शिकवलं होतं त्यांना. मला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण अंगावर येणाऱ्या माणसाला कसं चुकवायचं, हे मला कळतं. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, तसा नियमच आहे. बर्फावर असा नियम नाही, पण जड मुलगा वेगात आला की त्याचं अंगच तो नियम पाळतं. हे मला दिसलं आणि काचेआड उभ्या उभ्या मी जपानीत किंवा इंग्रजीत नव्हे, तर चांगल्या मराठीत स्वतःशी म्हटलं, वाढ इथवरच काय? बघूच.

त्या हिवाळ्यात शनिवारी सकाळी आम्ही दोघी नदीकाठच्या मैदानात जायचो. पाण्यानं भरलेल्या बाटल्या एका रांगेत मांडायच्या, खो-खोचे बसलेले खेळाडू असतात तशा. ती पळणार, मी धरणार. पहिल्या दिवशी ती तोंड फुगवून आली होती आणि मी तिला दर खेपेला धरलं. चाळिशी उलटलेल्या आईनं धरावं हे तिला सहन होईना. मग ती ऐकायला लागली.

"डोळे उजवीकडे टाक. खांदा उजवीकडे जाऊ दे. कंबर मात्र कुठेच न्यायची नाही. मी उजवीकडे पाऊल टाकलं की तू डावीकडे."

"आणि तू पाऊल टाकलंच नाहीस तर?" हे जपानीत.

"टाकेन. सगळे टाकतात. घाई तुला नसते, धरणाऱ्याला असते."

तिकडे सकाळचा व्यायाम करणारे आजी-आजोबा हात हलवायचे थांबून आमच्याकडे बघत राहायचे. त्यातल्या एका आजींनी मला अदबीनं विचारलं, हा योगा आहे का? मी हो म्हणाले. खो-खो समजावण्याइतकं जपानी माझ्याकडे नव्हतं.

गुडघे दुखायचे. रात्री तेल चोळत बसायची वेळ यायची आणि नवरा म्हणायचा, तुझी निवड कुठल्या लाइनमध्ये झाली? पण एका शनिवारी तिनं मला उजवीकडे अशी काही हूल दिली की मी पूर्ण वळले, पाय गवतावरून सटकला आणि धपकन बसले.

"आई, पडलीस!" ती मराठीत ओरडली आणि पोट धरून हसली. मीही बसल्या जागी हसले. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून आई ऐकलं होतं.

मार्चमध्ये मिडल स्कूलला जाण्याआधीचा शेवटचा सामना होता. ती अजून तिसऱ्याच लाइनमध्ये होती. पहिल्याच सत्रात तिला डावीकडे पक मिळाला. समोर तिच्या दीडपट मुलगा. तिनं मान उजवीकडे टाकली, खांदा टाकला, तो तिकडे झेपावला आणि ही डावीकडून निघून गेली, आणि गोल. मी काचेवर हात आपटून "शाब्बास!" म्हणून ओरडले. बाकीच्या आया शिस्तीत टाळ्या वाजवत होत्या. त्यातल्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुन्हा ओरडले.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. पुन्हा पक तिच्याकडे, तीच डावी बाजू, तोच मुलगा. उजवीकडे एक खेळाडू मोकळा उभा होता, ज्याची जागा तिनं कधीकाळी घेतली होती तोच. तिनं पास दिला नाही. हूल दिली. या वेळी तो मुलगा हललाच नाही. त्यानं पक काढून घेतला, पुढे गेला आणि गोल केला. आम्ही हरलो.

हान्सेइकाइ चेंजिंग रूमबाहेरच भरली. माझी ड्यूटी होती, मी बाटल्यांचा क्रेट धरून कडेला उभी होते. पोरं एकेक करून पुढे आली. कोणी उशिरा परतला होता, कोणी काठी हवेत उचलली होती. मग माझी मुलगी पुढे आली.

"शेवटी मी हूल दिली. पक गेला आणि आपण हरलो. पास देता आला असता, हे मला माहीत आहे." तिनं श्वास घेतला. इथे काळजी घेईन असं म्हणायचं असतं. "पुढच्या वेळी तशीच जागा मिळाली तर मी पुन्हा हूलच देईन."

मला भीती वाटली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त अभिमान वाटला. कोच जमिनीकडे बघत होते.

"दुसऱ्या वेळी हूल देण्याआधी तू समोरच्या मुलाकडे बघितलंस," ते म्हणाले. "पहिल्या वेळी बघितलं नव्हतंस." मग त्या साठीच्या माणसानं आपला खांदा उजवीकडे टाकला, कंबर तिथेच ठेवली आणि एक पाऊल डावीकडे गेले. "एप्रिलमध्ये डावीकडून जाताना मान वर ठेव."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या मुलाला हात केला.

मी मास्तरीण आहे. ज्या पोरावर पाणी सोडलं, त्याच्या वहीत मी चुका काढत बसत नाही. एवढ्या महिन्यांत त्या माणसानं तिची चूक काढलेली मी पहिल्यांदा ऐकत होते. एप्रिलमध्ये, आणि डावीकडून. क्रेट हातात होता म्हणून बरं, नाहीतर मी भर कॉरिडॉरमध्ये काय केलं असतं सांगता येत नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये तिनं डब्यातली गूळ-तुपाची पोळी संपवली, बोटं चाटली आणि मराठीत म्हणाली, "आई, पेढे कर."

"कसले? हरलो ना आपण?"

"हो, माहितेय. तरी कर. या वेळी मी वाटणार." थोडं थांबून म्हणाली, "त्या मुलाच्या आईला पहिला. आणि पर्समध्ये ठेवू द्यायचा नाही. माझ्यासमोर खायचा."

स्टेशनवर उतरल्यावर आम्ही आधी दूध पावडर घ्यायला गेलो.